दाढ दुखते तेव्हा फोन कोण उचलतं?

दाढ तीन दिवस कुरकुरत होती. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर गाल फुगलेला आणि तोंड धड उघडेना. दवाखान्यात फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, ‘बोला.’ म्हटलं, ‘जरा डॉक्टरांना द्या.’ ‘डॉक्टर पेशंटपाशी आहेत, काय होतंय ते मला सांगा.’ ‘तुम्हाला सांगून काय होणार? मला डॉक्टरांशीच बोलायचंय.’ हे वाक्य आज लिहितानाही ओशाळायला होतं, पण तेव्हा तोंडातून गेलं खरं.

त्या बाईंनी ते मनावर घेतलं नाही. ‘डॉक्टर बोलतीलच काका, तोवर एवढं सांगा. ताप आहे का? आवंढा गिळताना अडकल्यासारखं होतं का? सूज गालावरच आहे की जबड्याखाली मानेकडे उतरलीय? आणि दोन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे घालून बघा, जातात का?’ मी चरफडत बोटं घातली. कळ आली, पण गेली. ‘मग तासाभरात या, मधे घेते तुम्हाला. वाटेत श्वास घ्यायला जड वाटलं, थुंकी गिळता येईना, तर इकडे येऊच नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.’

डॉक्टरांनी नंतर जे केलं ते नीटच केलं. अक्कलदाढेवर आलेल्या हिरडीच्या पदराखाली पू झाला होता, तो काढून टाकला. पण माझ्या उपचारातला सर्वांत जोखमीचा निर्णय त्याआधीच झाला होता. मी कुठे जायचं, किती वेळात जायचं आणि कुठे जायचं नाही, हे ठरवलं होतं त्या फोनवरच्या बाईंनी. त्या डॉक्टर नव्हत्या. दवाखान्यातल्या मदतनीस होत्या आणि त्यांचं नाव मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

दातांच्या तातडीच्या उपचारांबद्दल बोलताना आपण डॉक्टर किती, खुर्च्या किती, रांग किती एवढंच मोजतो. ते प्रश्न खरेच आहेत. पण त्यांच्या अलीकडे एक साधी अडचण उभी असते. त्या दवाखान्यात कोण काय करतं हेच लोकांना ठाऊक नसतं, त्यामुळे कोणाला काय विचारायचं तेही कळत नाही. आणि हे अज्ञान लोकांच्या माथी मारणं मला पटत नाही. ते बऱ्याच अंशी या व्यवसायानेच पोसलं आहे.

आपला हिशेब सोपा असतो. हातमोजे घातलेला पुरुष दिसला की तो डॉक्टर, हातमोजे घातलेली बाई दिसली की ती सिस्टर. बाईच डॉक्टर असेल तर ‘मोठे डॉक्टर कधी येतील?’ असं तिलाच विचारून मोकळे होणारे महाभाग मी पाहिलेत. एकदा माझे दात साफ करणाऱ्या मुलीला मी जाताना ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणालो, तर ती हसून म्हणाली, ‘मी डॉक्टर नाही, हायजिनिस्ट आहे.’ मला वाटलं ती नम्रपणे बोलतेय. ती मला माहिती देत होती.

हायजिनिस्टचं काम हिरड्यांचं. दातावर चढलेला थर आणि खडा काढायचा, हिरडी दातापासून किती सुटलीय ते बारीक खुणांच्या सळईने मिलिमीटरमध्ये मोजायचं, घासायचं कसं ते दाखवायचं. थेरपिस्ट नावाचा वर्ग याच्या एक पाऊल पुढे जातो. कीड कोरून भरणं, लहान मुलांचे दुधाचे दात काढणं ही कामं तो करतो, आणि पन्नासहून अधिक देशांत असे लोक काम करतात. कवळी आणि कॅप ज्याच्या हातून घडते तो तंत्रज्ञ बहुधा आपल्याला दिसतसुद्धा नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीत आपल्या जबड्याचा साचा पुढ्यात घेऊन तो बसलेला असतो. काही देशांत त्याच्यासारखंच शिक्षण घेतलेले लोक थेट पेशंटचं माप घेऊन पूर्ण कवळी बसवून देतात. मग तोंडाची शस्त्रक्रिया करणारे, रूट कॅनाल करणारे, दात सरळ करणारे तज्ज्ञ आहेत, त्यांची नावं तरी लोकांना ऐकून माहीत असतात.

मदतनीसाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिच्याकडे बघत कोणीच नाही. खुर्चीवर आडवं पडल्यावर आपल्याला दिसतो तो फक्त दिवा. त्या दिव्याखाली दोन नव्हे, चार हात चालू असतात. डॉक्टरांचे डोळे दाढेवरून हलत नाहीत. हत्यार त्यांच्या तळहातात आपोआप येतं, वापरलेलं निघून जातं, घशात पाणी साचायच्या आत नळी पोचते. सिमेंट कालवून ठराविक सेकंदांच्या आत द्यायचं असतं, आधी दिलं तर वाहतं आणि उशीर झाला तर घट्ट होतं. पेशंट गेल्यावर तीच हत्यारं धुऊन, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या यंत्रात, जातात. 134 अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली किमान 3 मिनिटं, आणि त्याची नोंद वहीत. आपल्याला दुसऱ्याचा आजार लागत नाही तो या वहीमुळे. शिवाय आपण मुठी आवळल्यात, बोटं पांढरी पडलीत, हे डॉक्टरांच्या आधी तिच्या लक्षात येतं. ती हळूच म्हणते, ‘दुखतंय का? डावा हात वर करा.’

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला आपण ‘फोनवरची बाई’ म्हणतो.

नावांचा हा घोळ जुना आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने 1906 साली आपल्याच दवाखान्यातल्या मदतनीस आयरिन न्यूमन यांना दात साफ करायचं आणि रोग रोखायचं शिक्षण दिलं. 1913 मध्ये त्याने या शिक्षणाची शाळाच काढली. या नव्या माणसाला काय म्हणायचं हा प्रश्न आला तेव्हा त्याने ‘नर्स’ हा शब्द मुद्दाम टाळला. नर्स म्हटलं की आजारपण डोळ्यांसमोर येतं, आणि त्याला माणसं आजारी पडू नयेत म्हणून काम करणारी व्यक्ती हवी होती. म्हणून हायजिनिस्ट. पुढे 1921 साली न्यूझीलंडने शाळांमधून मुलांचे दात बघायला तरुण मुली तयार केल्या. त्या पायाने चालवायच्या यंत्राने कीड कोरत, दात भरत, काढत. त्यांना नाव दिलं डेंटल नर्स. (मुलांनी त्यांच्या खोलीला नाव दिलं ‘मर्डर हाऊस’, आणि ते नाव पिढ्यान् पिढ्या टिकलं.) ब्रिटनमध्ये मात्र डेंटल नर्स म्हणजे खुर्चीशेजारी उभी राहणारी मदतनीस, तिने दातावर यंत्र लावायचं नाही. शब्द एकच, पण एका देशात तो दाढ भरणाऱ्या बाईचा आणि दुसऱ्या देशात तिला हत्यार देणाऱ्या बाईचा. व्यवसायाला शंभर वर्षांत स्वतःच्या पाट्या नीट रंगवता आल्या नाहीत, आणि पेशंटने मात्र खुर्चीत बसताक्षणी सगळं ओळखावं!

ओळख नसल्याने बिघडतं काय? एरवी फारसं नाही. दाढ ठणकायला लागली की मात्र बिघडतं.

कारण तातडी म्हणजे काय याची आपली समजूत उलटी आहे. आपण दुखण्यावरून तातडी मोजतो. जास्त दुखतं तर जास्त धोका, दुखायचं थांबलं तर बरं झालं. दातांच्या बाबतीत हे दोन्ही चूक ठरू शकतं. दाताच्या आत नस असते, तिच्याभोवती टणक भिंत. नस सुजली की तिला फुगायला जागाच मिळत नाही, म्हणून ती जीव नकोसा करणारी कळ देते. माणूस रात्रभर येरझारा घालतो, पण त्या रात्री त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. मग एके दिवशी नस मरते. कळ थांबते. माणूस खूश होतो आणि अपॉइंटमेंट रद्द करतो. आणि मग त्या मेलेल्या नसेतून जंतू मुळाच्या टोकाशी उतरतात आणि हाडात घर करतात.

तिथून ते कुठे जातील हे दाढेच्या जागेवर ठरतं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिथे संपतात तिथून जिभेखालची आणि जबड्याखालची पोकळी जवळ आहे. दोन्ही बाजूंच्या या पोकळ्या सुजल्या की जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने 1836 साली या अवस्थेचं वर्णन केलं, आणि अजून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रोगी दगावत. गिळता येतं का, बोटं जातात का, सूज मानेकडे उतरलीय का, हे प्रश्न त्या बाई मला विचारत होत्या ते यासाठी. मी मात्र समजत होतो की ती उगाच चौकशी करतेय.

हे प्रश्न विचारायला दंतवैद्यकाची पदवी लागत नाही. प्रशिक्षण लागतं, आणि ऐकणाऱ्याला विश्वास लागतो. प्रशिक्षण त्यांच्याकडे असेल, विश्वास आपल्याकडे नसतो, कारण समोरची व्यक्ती कोण हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग आपण तिला टाळून डॉक्टर गाठायला बघतो. नाही जमलं तर घरातल्या डब्यात मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या शोधतो. ठणकणाऱ्या नसेवर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. सुजलेल्या नसेचा रक्तपुरवठाच अडलेला असतो, आणि साठलेल्या पुवाला वाट करून द्यावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये नियमावली काढून सांगितलं की प्रत्यक्ष उपचार मिळण्याजोगा असेल तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप, पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी. वेदनाशामकांचीही तीच गत. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर नको, पण सर्दीच्या गोळीतही तेच, अंगदुखीच्या गोळीतही तेच, आणि दाढदुखीने बेजार माणूस वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचत नाही. दाढेपायी यकृत गमावण्याची वेळ आलेली माणसं हॉस्पिटलांनी पाहिली आहेत.

उलट जिथे मिनिटं मोजायची तिथे आपण निवांत असतो. खेळताना मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळून पडला तर ती खरी तातडी. मुळावर जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो. तो कोरडा पडू लागतो, आणि तासभर कोरडा राहिलेल्या दाताच्या त्या पेशी बहुधा मेलेल्या असतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर क्षणभर धुवायचा आणि जागच्या जागी परत बसवून वर स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा. तेवढं धाडस होत नसेल तर थंड दुधात टाकून निघायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खाली येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. या प्रसंगात उपचार करणारा पहिला माणूस कोण? मैदानावरचा शिक्षक, शेजारची बाई, मोठा भाऊ. दातांच्या टीमचा विस्तार तिथपर्यंत जातो. पण बहुतेक जण दात कागदात गुंडाळून खिशात टाकतात आणि संध्याकाळी दवाखान्यात नेऊन दाखवतात.

आणि एक दुखणं असं आहे की ते दाढेचं नसतंच. जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, सोबत छाती आवळल्यासारखी वाटते, घाम फुटतो. हे हृदयाचं असू शकतं. अशा माणसाला पुढच्या मंगळवारची वेळ न देता तिथल्या तिथे हॉस्पिटलकडे पाठवणारी व्यक्तीसुद्धा फोन उचलणारीच असते.

हॉस्पिटलचा विषय निघाला म्हणून. दात आणि उरलेलं शरीर यांची वाटणी झाली त्याला एक तारीख आहे. 1840 साली बाल्टिमोर इथे दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं. तेव्हापासून दातवाले एका बाजूला आणि वैद्यकवाले दुसऱ्या बाजूला. त्यामुळे विद्या वाढली यात शंका नाही. पण मध्यरात्री गाल धरून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाणाऱ्या माणसाला त्या वाटणीची झळ बसते. तिथे हाडं बसवायची सोय असते, हृदय चालू करायची सोय असते, दात काढायची खुर्ची बहुधा नसते. दुखणं थांबवायची गोळी घेऊन तो परत येतो. ज्या मेरिलंड राज्यात ते कॉलेज निघालं, त्याच राज्यातला एक बारा वर्षांचा मुलगा 2007 मध्ये गेला. किडलेल्या दाताचा संसर्ग त्याच्या मेंदूपर्यंत पोचला होता. दोनदा मेंदूची शस्त्रक्रिया झाली. वेळेवर तो एक दात काढला असता तर ती करावी लागली नसती.

माझ्या ओळखीचे एक दंतवैद्य या सगळ्यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की ही कामं डॉक्टर नसलेल्यांकडे आहेत असं उघड सांगितलं तर भोंदूंचं फावेल. रस्त्यावर दात उपटणाऱ्यांचा इतिहास त्यांच्या डोक्यात असतो आणि त्यांची भीती खोटी नाही. पण भोंदू फोफावतो तो नेमका अंधारात. नोंदणी कोणाची, परवानगी कशाची, हे भिंतीवर लिहिलेलं असेल तर भोंदू चटकन उघडा पडतो. या भीतीआड कधीकधी धंद्याची काळजीही दडलेली असते, हेही बोलून टाकू. अलास्काच्या दुर्गम वस्त्यांत डॉक्टर टिकत नव्हते, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांनी आपली काही मुलंमुली न्यूझीलंडला पाठवून थेरपिस्ट म्हणून तयार करून आणली. 2006 साली दंतवैद्यांच्या संघटना त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेल्या. दुसऱ्या वर्षी निकाल थेरपिस्टांच्या बाजूने लागला. ब्रिटनने 2013 मध्ये हायजिनिस्ट आणि थेरपिस्ट यांच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जायची मुभा दिली. तिथेही आभाळ कोसळलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘अहो, फोन करणारा प्रत्येक जण म्हणतो माझं अर्जंट आहे. कोणाकोणाला मधे घुसवू?’ बरोबर आहे. पण प्रत्येक जण तसं म्हणतो, कारण त्या एका शब्दाखेरीज त्याच्याकडे दुसरे शब्दच नसतात. ‘अर्जंट’ म्हटल्याशिवाय दार उघडत नाही हे तो अनुभवाने शिकलेला असतो. त्याला ताप, गिळणं, सूज, बोटं, रक्त या भाषेत बोलायला शिकवा. निम्मे जण आपणहून म्हणतील, मग उद्या चालेल. माझी कॅप निघाली होती तेव्हा मीही आकांत केला होता. कॅप डबीत घालून ठेवली असती आणि त्या बाजूने चावलं नसतं तर दोन दिवस सहज निभले असते. हिरडीतून रक्त येतं म्हणून डॉक्टरांची वेळ अडवणाऱ्याला हायजिनिस्ट बघू शकते. कवळी मोडली तर आधी लॅबवाल्या माणसाचा हात लागतो. दात काढल्यावर रक्त थांबेना म्हणून घाबरलेल्याला बहुतेकदा एवढंच सांगायचं असतं की स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून वीस मिनिटं घट्ट चावा आणि दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. त्यानेही थांबलं नाही तर या. हे फोनवर होतं, खुर्ची अडत नाही.

खुर्च्या वाढायला पैसा लागतो, डॉक्टर घडायला वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे तोंडाच्या रोगांनी जगातले सुमारे 350 कोटी लोक ग्रासलेले आहेत. एवढ्यांना खुर्ची कधी पुरणार! पण छातीवर नाव आणि काम लिहिलेली पट्टी लावायला काय लागतं? ‘मी अमुक, मी मदतनीस आहे, तुमची चौकशी मी करते आणि डॉक्टरांना सांगते’ हे वाक्य फोनच्या सुरुवातीला म्हणायला काय लागतं? रोज सकाळच्या दोन अपॉइंटमेंट कोणालाच न देता मोकळ्या ठेवायच्या, आणि त्या कोणाला द्यायच्या हा अधिकार फोन उचलणाऱ्या व्यक्तीला द्यायचा. माझा खरा आग्रह या अधिकाराचा आहे. बऱ्याच दवाखान्यांत प्रश्न विचारायचं काम तिचं असतं, वेळ द्यायचा हक्क मात्र नसतो. मग तिचे प्रश्न पेशंटला अडवण्यासाठीच आहेत असं वाटतं, आणि ‘डॉक्टरांना द्या’ म्हणून तो हट्ट धरतो. मी धरला तसा.

परवा रात्री एका नातेवाइकासाठी त्याच दवाखान्यात फोन लावला. अर्थात बंद होता. रेकॉर्ड केलेला निरोप वाजला. ‘दवाखाना सध्या बंद आहे. उद्या सकाळी दहा वाजता उघडेल. धन्यवाद.’ सूज मानेकडे असेल तर कुठे जायचं, दात निखळला असेल तर काय करायचं, रक्त थांबेना तर काय, यातलं अक्षरही नाही. निरोपातला आवाज ओळखीचा होता. त्या मदतनीस बाईंचाच.